सुरक्षित भार

जबल अलीच्या धक्क्यावर मी दिवसभर हुक तपासतो.
शॅकल, पट्टे, वायररोप.
ज्यावर भार कोरलेला नाही
त्याला लाल रंग फासून बाजूला टाकतो.
म्हणून देऱ्यातल्या त्या दुकानात
काचेमागे ओळीनं टेकवलेले मोनोपॉड पाहून
पहिला प्रश्न तोंडून निघाला तो हाच :
उचलतो किती?

“दहा किलो,” रियासनं चिठ्ठी दाखवली,
“आणि सर, नेहमी एका पायावर तयार.”
हे मराठी त्याला कुणी शिकवलं कोण जाणे.
चिठ्ठीवर माझा विश्वास नाही.
आमच्याकडे दहा लिहायचे
तर पन्नासाला न तुटलेलं असावं लागतं.
मी काठी पूर्ण उघडली, माथ्यावर दोन्ही तळवे ठेवले
आणि हळूहळू सगळा मी तिच्यावर सोडला,
ब्याऐंशी किलो, वर दुपारची बिर्याणी.
रियास म्हणाला, “कॅमेराच लावायचाय ना?”
खालचा बारीक तुकडा धनुष्यासारखा वाकला.
ती परत ठेवली.

पाच तुकड्यांचा बॅगेत मावतो,
पण शेवटचा तुकडा करंगळीएवढा.
तीन तुकड्यांचा गाडीत आडवा ठेवावा लागतो.
पिळायची कुलपं देखणी,
मात्र वाळू आत गेली की जात्याचा आवाज येतो.
खटक्याची कुलपं कुरूप,
घामट बोटांनाही ऐकतात.
आणि उंची डोळ्याच्या वर वीतभर हवी,
कारण जे पाहायचं ते कधी
समोर येऊन बसत नाही.

लेन्स माझी नाही. म्हणजे आता माझीच.
हर्णैच्या इस्माईल पारकरची ती,
एकवीस वर्षं याच धक्क्यावर टॅलीक्लार्क,
शुक्रवारी पहाटे पक्षी मोजणारा.
छातीत दोन स्टेंट घेऊन गावी निघाला
तेव्हा अर्ध्या किमतीत माझ्या मांडीवर ठेवली,
तान्हं मूल ठेवावं तशी, मान सांभाळून.
“हात हलतात रे. पाचशे मिलिमीटरवर हात हलला
की पक्षी येत नाही, पक्ष्याची अफवा येते.
तिपाई घेऊ नकोस. तिपाई दिसली
की गार्ड परवाना मागतो.
काठीला कुणी काही विचारत नाही.”

उम्म अल क्वैनची खाडी, ओहोटी,
तिवरांच्या मुळांशी खेकड्यांची कुजबुज.
काठी लेन्सच्या कड्याला लावलेली, कॅमेऱ्याला नाही,
नाहीतर मान मोडते, हे पारकरचंच.
चिखलात रबरी टाच बुडत गेली,
बोटभर, मग चार बोटं,
मग खाली काहीतरी घट्ट लागलं आणि थांबली.
पाच किलो दोनशे ग्रॅम अचानक
माझ्या खांद्यावरून उतरले.
हात सोडला तर ती पडणार, हे ठाऊक होतं.
उरलेले दोन पाय माझेच, एक पुढे, एक मागे,
त्यांच्यावर भार कुणी कोरलेला नाही.
गेल्या वर्षभरात त्यांना लाल रंग फासावा
असं दोनदा वाटलं होतं. असो.

सव्वासहाला कैकर आली,
पायात मासा, माशाचं तोंड वाऱ्याकडे.
काठी कलती झाली, मी तिच्याबरोबर कललो,
श्वास अर्धा सोडून तिथेच धरला,
क्रेन थांबवताना धरतो तसा,
आणि बटण.

बारा फोटो, अकरा अफवा.
बारावा हर्णैला पाठवला.
डोळा स्वच्छ, माशाचे खवले मोजता येतील असे.
तासाभरानं आवाज आला,
मागे कोंबडा, मागे कुणीतरी नळ भरतंय :
“डाव्या पंखाचं टोक कापलंस.”
थोडा वेळ नुसता श्वास.
“मासा बोय आहे काय रे? इथे आता मिळत नाही.
आणि काठी कसली घेतलीस? पिळायची नाही ना?
आज रात्री धू. गोड्या पाण्यानं. लगेच.”